अनोळखी उथळ नदीत छोटी होडी घालण्यापूर्वी: वाशिष्ठीच्या निमित्ताने

हवा भरून फुगवायच्या होड्या, प्लास्टिकच्या कयाक आणि हातात उचलून नेता येतील अशी लहान इंजिने आता सहज विकत मिळतात. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईहून कोकणातल्या एखाद्या नदीवर यायचे, होडी पाण्यात सोडायची आणि जिताडा, तांबोशी किंवा बोय असा एखादा मासा मिळतो का ते पाहायचे, असा छंद असणाऱ्यांची संख्या वाढते आहे. छंद चांगला आहे, पण त्यासोबत एक गैरसमजही पसरला आहे. समुद्र धोक्याचा, धरण धोक्याचे, उथळ नदीत मात्र फारसे काही होत नाही, असे पुष्कळांना मनापासून वाटते. चिपळूणजवळून वाहत दाभोळला समुद्राला मिळणारी वाशिष्ठी हा गैरसमज तपासून पाहण्यासाठी उत्तम उदाहरण आहे, कारण उथळ नदीतले जवळजवळ सगळे धोके तिच्या एकाच पात्रात पाहायला मिळतात.

उथळ पाणी धोक्याचे कसे?

खोल पाण्यात होडीखाली काय आहे याची चिंता सहसा करावी लागत नाही. उथळ पाण्यात तळ होडीच्या इतका जवळ असतो की वाळूचा उंचवटा, बुडालेले झाड, जुन्या जेट्टीचा खांब किंवा पाण्याखालची खडपे यांपैकी कोणतीही गोष्ट होडीला अचानक थांबवू शकते. होडी थांबते, आतली माणसे मात्र पुढे फेकली जातात. प्रवाह जोराचा असेल तर अडकलेली होडी आडवी होते, वरच्या बाजूची कड खाली दाबली जाते आणि काही क्षणांत पाणी आत शिरते.

दुसरी गोष्ट प्रवाहाच्या जोराची. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा अंगावर पडणारा जोर साधारण चौपट होतो. त्यामुळे संथ पाण्यात कमरेपर्यंत उभा राहू शकणारा माणूस वेगाच्या पाण्यात गुडघ्याएवढ्या खोलीतही तोल सावरू शकत नाही. त्यात पाय दोन दगडांच्या फटीत अडकला तर प्रवाह त्याला पुढे लोटून पाण्याखाली दाबून धरतो आणि खोली केवळ कमरेएवढी असली तरी त्याला वर येता येत नाही. म्हणून दगडांच्या वाहत्या पाण्यात पडल्यावर लगेच उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाठीवर तरंगावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि पाण्याच्या वर ठेवावेत आणि पाणी संथ होईल तिथे काठाकडे सरकावे.

तिसरे कारण माणसाने निर्माण केले आहे. कोकणातल्या अनेक खाड्यांत वाळूउपशामुळे तळाशी खड्डे पडलेले असतात. घोट्याएवढ्या पाण्यातून चालणाऱ्याचे पुढचे पाऊल पुरुषभर खोल खड्ड्यात पडू शकते आणि गढूळ पाण्यामुळे वरून त्याची काहीच कल्पना येत नाही.

खोली घड्याळाप्रमाणे बदलते

चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्यापासून खाली दाभोळपर्यंत वाशिष्ठीत भरती-ओहोटी चालते, म्हणून तिथे 'पाणी किती खोल आहे?' या प्रश्नाला वेळ सांगितल्याशिवाय उत्तर नाही. किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि भरतीची वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात तिथीवरून वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हा अंदाज आहे. ज्या दिवशी जायचे त्या दिवसाचे भरतीचे छापील किंवा मोबाइलवरचे वेळापत्रक पाहणे आवश्यकच आहे, मात्र वेळापत्रक वाचताना काही चूक झाली तर ती या हिशेबाने लगेच लक्षात येते.

अमावस्या आणि पौर्णिमेच्या सुमारास भरती सर्वांत उंच आणि ओहोटी सर्वांत खोल असते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोन्हींमधला फरक कमी असतो, ती भांगाची भरती. उधाणाच्या दिवशी पाणी जास्त असते म्हणून होडीसाठी तो दिवस चांगला, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात त्या दिवशी प्रवाह सर्वांत जोराचा असतो आणि पाणी उतरते तेव्हा ते फार खाली उतरते. शिवाय उधाणाच्या ऐन भरतीला होडी एखाद्या उंच वाळूवर टेकली आणि पुढची भरती थोडी कमी उंचीची निघाली, तर होडी तिथेच राहते.

पाणी सारख्या गतीने चढत-उतरत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासाला पाणी थोडेच उतरते, तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून मात्र जवळपास निम्मे पाणी निघून जाते. भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरचा असेल तर मधल्या दोन तासांत मीटरभर पाणी कमी होते. 'आत्ताच तर इथून आलो' असे म्हणत त्याच वाटेने परतणारी होडी वाळूवर चढते ती यामुळे.

वर जावे तसे आणखी एक गुंतागुंत होते. दाभोळच्या मुखाशी भरती पूर्ण झाली तरी ती वर गोवळकोटकडे पोहोचायला वेळ लागतो. शिवाय उथळ, लांबट खाडीच्या वरच्या भागात पाणी चढायला कमी आणि उतरायला जास्त वेळ घेते, त्यामुळे सहा-सहा तासांचा हिशेब तिथे नीट लागू पडत नाही. वेळापत्रकातली वेळ मुखाची आहे की वरच्या गावाची, हे पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

वाशिष्ठीतले दुसरे घड्याळ: कोयनेचे अवजल

कोकणातल्या बहुतेक नद्या मे महिन्यात वरच्या भागात आटतात, वाशिष्ठी वाहती राहते. याचे कारण सह्याद्रीपलीकडे आहे. कोयना धरणाचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला उतरते, पोफळीच्या वीजगृहातून कोळकेवाडी धरणात येते आणि तिथल्या पुढच्या टप्प्यात पुन्हा वीज निर्माण करून अखेर वाशिष्ठीत सोडले जाते. वीजनिर्मितीनंतर बाहेर पडणाऱ्या या पाण्याला अवजल म्हणतात.

कोयना प्रकल्प मुख्यतः विजेची मागणी वाढते त्या वेळी चालवला जातो. संच सुरू झाले की अवजल वाढते, बंद झाले की कमी होते. आकाशात ढग नाही, पाऊस नाही, तरीही चिपळूणच्या वरच्या भागात पाणी चढू किंवा उतरू शकते ते यामुळे. महाराष्ट्रातल्या धरणाखालच्या कोणत्याही नदीला हाच विचार लागू आहे. अशा नदीवर उतरल्यावर आधी काठावरचे दगड पाहावेत. पाण्याच्या रेषेच्या वर ओला, गडद पट्टा दिसत असेल तर पाणी थोड्या वेळापूर्वी तिथपर्यंत होते. पट्टा नसेल आणि कालपर्यंत कोरडे असलेले गवत पाण्यात बुडालेले असेल तर पाणी चढते आहे. काठाशी एक काडी रोवून दर पंधरा मिनिटांनी तिच्याकडे पाहणे हा सर्वांत साधा आणि खात्रीचा उपाय आहे. पाणी चढत असेल, गढूळ होत असेल किंवा काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला असेल तर मासा लागत असला तरी काठावर यावे.

पावसाळ्यात इथे होडी घालण्याचा प्रश्नच येत नाही. २२ जुलै २०२१ रोजी याच नदीने चिपळूण शहर पाण्याखाली घेतले होते. त्या पुरानंतर पात्रातला गाळ मोठ्या प्रमाणावर काढण्यात आला, त्यामुळे त्यापूर्वी नदी पाहिलेल्या माणसाची आठवणही आज वाट दाखवायला पुरेशी नाही.

तळ न दिसता तळ ओळखणे

नदी वळते तिथे वेगाचे पाणी बाहेरच्या कडेला जाते आणि ती कड खरवडते. आतल्या कडेला वेग कमी असतो, तिथे वाळू बसते. म्हणून वळणावर खोल वाट बहुधा बाहेरच्या बाजूला असते आणि आतल्या बाजूने सरळ काटण्याचा मोह टाळावा लागतो. दोन वळणांच्या मध्ये ही खोल वाट एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जाते, आणि ती जिथे पात्र ओलांडते तिथेच सर्वांत उथळ उंबरठा असतो. नवखे लोक सर्वाधिक वेळा टेकतात ते इथे, कारण दोन्ही बाजूंना पाणी खोल असल्याने ते निर्धास्त झालेले असतात.

उपनदी मिळते त्या ठिकाणीही जपावे. खेडकडून येणारी जगबुडी वाशिष्ठीला मिळते तिथे दोन प्रवाहांचा वेग वेगळा पडतो आणि अशा संगमांवर गाळ साचून पाण्याखाली दांडा तयार होतो. पुलाच्या खांबांपाशी उलट प्रकार असतो. खांबाभोवतीचा तळ खरवडला जाऊन खड्डा पडतो, पाणी गरगरते, आणि वाहून आलेल्या फांद्या खांबाला अडकलेल्या असतात. वाहते पाणी फांद्यांच्या मधून जाते, माणूस आणि होडी मात्र त्यांत अडकतात. अशा अडथळ्याच्या वरच्या अंगाला नांगर टाकून मासेमारी करू नये.

पृष्ठभागही बरेच सांगतो. खाली जाताना समोर पाण्यावर असा कोन दिसला की ज्याचे टोक पुढे, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने आहे, तर ती बहुधा दोन दगडांमधली मोकळी वाट असते. टोक तुमच्याकडे असेल तर त्या टोकापाशी दगड बुडालेला आहे. वारा नसताना एकाच जागी बारीक थरथर दिसत असेल तर तिथे उथळ आहे. सकाळी आणि संध्याकाळी सूर्य समोर असला की यांतले काहीच दिसत नाही, तेव्हा वेग कमी करणे एवढेच आपल्या हातात असते.

याउपर हातात बांबू असावा. चारेक मीटरचा, दर अर्ध्या मीटरवर रंगाचा पट्टा मारलेला. तो पुढच्या बाजूने सरळ खाली सोडला की खोलीबरोबर तळाची जातही कळते. वाळूवर तो खरखरत थांबतो, कातळावर ठक्क असा ठोका हाताला जाणवतो आणि चिखलात थांबल्यासारखा वाटून आणखी वीतभर आत जातो. बांबू चिखलात रुतला आणि होडी पुढे चालली तर बांबू सोडून द्यावा. तो धरून ठेवणारा माणूस होडीबाहेर ओढला जातो.

होडी कोणती आणि तिच्यात काय

उथळ पाण्यासाठी सपाट तळाची रुंद होडी बरी, कारण ती पाण्यात कमी बसते. मात्र होडी पाण्यात वीतभरच बसत असली तरी मागच्या इंजिनाचा पंखा त्याहून बराच खाली असतो, म्हणून खोलीचा हिशेब पंख्याच्या टोकापासून करावा. उथळात इंजिन वर उचलता येईल असे मोकळे ठेवावे आणि अनोळखी भागात वल्ह्यांवर किंवा अगदी मंद वेगाने जावे. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधलेलीच असावी, कारण तो पाण्यात पडला तर इंजिन थांबले पाहिजे.

वाशिष्ठीसारख्या खाडीत फुगवलेल्या होडीला आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे दगडांना आणि खांबांना चिकटलेली कालवे, म्हणजे एक प्रकारचे शिंपले. त्यांच्या कडा पात्याइतक्या धारदार असतात आणि भरतीला त्या पाण्याखाली दिसत नाहीत. जेट्टीला होडी घासत नेणे म्हणजे ती फाडून घेणे होय.

होडीत साचणारे पाणी अनेकांना किरकोळ वाटते. चार मीटर लांब आणि एक मीटर रुंद सपाट होडीत दहा सेंटिमीटर पाणी साचले तर त्याचे वजन सुमारे ४०० किलो भरते. वजनापेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे ते एका जागी राहत नाही. भरलेली परात उचलून चालताना जरा कलली की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि परात आणखी कलते, तसेच होडीत होते. म्हणून पाणी उपसायचे भांडे दोरीने बांधून हाताशी ठेवावे आणि घोटा भिजण्याची वाट न पाहता उपसावे.

नांगर नेहमी होडीच्या पुढच्या टोकाला बांधावा. मागच्या बाजूला बांधला तर प्रवाह इंजिनाच्या वजनाने आधीच खाली बसलेल्या भागावर आदळतो आणि पाणी आत येते. दोरी खोलीच्या किमान पाचपट सोडावी आणि ती कापायला चाकू जवळ ठेवावा.

"पण मला पोहता येते"

हा आक्षेप जवळजवळ प्रत्येक जण घेतो. पोहता येणे उपयोगी आहेच, परंतु डोके होडीच्या कडेवर आपटलेल्या, पायात जाळे गुंतलेल्या किंवा कपडे-बुटांसह पडलेल्या माणसाला ते पुरेसे ठरत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. ते पाणी नदीचेच होते, भीमेचे, आणि लोक रोजच्या वाटेने निघाले होते. जॅकेट होडीत ठेवून चालत नाही, ते बंद लावून अंगात असावे लागते, कारण होडी उलटते तेव्हा ते शोधायला वेळ मिळत नाही. लहान मुलाला त्याच्या मापाचे जॅकेट नसेल तर मुलाला काठावरच ठेवावे, याबाबत मी कोणताही अपवाद मान्य करणार नाही.

स्थानिक मच्छीमार जॅकेटशिवाय जातात, असेही सांगितले जाते. ते त्या पाण्यात लहानाचे मोठे झालेले असतात, हाकेच्या अंतरावर त्यांची माणसे असतात आणि तरीही त्यांच्यातले काही जण बुडतात. त्यांचा अनुभव आपल्याला लागू होत नाही.

वाऱ्याबद्दलही इथेच सांगायला हवे. कोकणात उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. ओहोटीचे पाणी समुद्राकडे आणि वारा समुद्राकडून, अशी गाठ पडली की रुंद भागात आखूड, उभ्या लाटा उठतात. दाभोळच्या मुखाकडे हे सर्वांत जास्त होते. लहान होडीने मुखाकडे जाऊच नये.

"नकाशा आणि मोबाइल असताना विचारायचे कशाला?"

उपग्रहावरून काढलेले चित्र एका विशिष्ट दिवसाचे आणि भरतीच्या एका विशिष्ट टप्प्याचे असते. त्यात वाळूचे पट्टे दिसतात, म्हणून घरी बसून ते जरूर पाहावे, पण एका पुरात ते पट्टे सरकतात. काही जण म्हणतात की वाशिष्ठी तर २०१६च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग झाली आहे. ते खरे आहे, तिचा क्रमांक २८ आहे. परंतु कायद्यात नाव आले म्हणून पात्रातल्या प्रत्येक उथळ जागेवर खूण लागली असेल, असे धरून चालणे धोक्याचे आहे.

तिथल्या भोई बांधवांना विचारणे हाच उत्तम मार्ग आहे, आणि विचारावे नेमके. 'पाणी किती आहे?' असे विचारले तर 'भरपूर आहे' असे उत्तर मिळते आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेही असते. सुकतीला, म्हणजे ओहोटीच्या अखेरीला, होडी कुठे टेकते, जाळी कुठे लावलेली आहेत, वाळूच्या होड्यांचे दोर कुठून कुठे बांधलेले आहेत आणि मगर कुठल्या काठावर येते, हे चार प्रश्न विचारावेत. शक्य असेल तर त्यांच्यापैकी एकाला मेहनताना देऊन सोबत न्यावे. ज्यांच्या पोटाचा व्यवसाय त्या पाण्यावर चालतो, त्यांच्या जाळ्यांवरून होडी नेणे हे धोक्याइतकेच अन्यायाचेही आहे.

होडी टेकली तर

इतर नद्यांत होडी वाळूवर टेकली की खाली उतरून ती ढकलतात. वाशिष्ठीत हे करू नये, कारण या नदीत मगरी आहेत आणि शिवाय तळाचा भरवसा नाही. मगर हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राणी आहे. हिवाळ्यात सकाळी ती उन्हासाठी काठावर येते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठावरच अंडी घालते, तेव्हा अशा जागांपासून दूर राहावे. मासे होडीतून हात बाहेर काढून धुऊ नयेत आणि त्यांची घाण काठाशी टाकू नये.

टेकल्यावर आधी इंजिन बंद करून वर उचलावे. मग सर्वांनी होडीच्या मोकळ्या बाजूला सरकावे, म्हणजे टेकलेला भाग हलका होतो, आणि आलो त्याच दिशेने बांबूने मागे रेटावे. पुढे रेटून पार होण्याचा प्रयत्न बहुधा होडीला आणखी वर चढवतो. पाणी चढते असेल तर थोडे थांबले की होडी आपोआप सुटते. उतरते असेल तर पहिल्या काही मिनिटांतच सुटावे लागते. ते जमले नाही तर होडीतच बसून पुढच्या भरतीची वाट पाहावी, मग ती सहा-सात तासांनी असली तरी. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट दलदलीच्या, चिखलातून चालत काठ गाठायला निघालेला माणूस मांडीपर्यंत रुततो आणि ओढून बाहेर काढणारा दुसराही त्याच्याशेजारी रुततो. पिण्याचे पाणी, टोपी, विजेरी आणि प्लास्टिकच्या बंद पिशवीतला मोबाइल यांचा उपयोग अशा वेळी कळतो. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे, परंतु आपण कुठे आहोत हे सांगता यावे म्हणून वाटेतली गावे आणि जेट्ट्या लक्षात ठेवत जावे.

पहिली फेरी

पहिल्या दिवशी गळ घरी ठेवावा, असा माझा आग्रह आहे, कारण ज्याचे लक्ष दोरीकडे असते त्याचे पाण्याकडे नसते. त्याआधी सुकतीच्या वेळी काठाने किंवा पुलावरून नदी पाहून घ्यावी. भरतीला जे झाकलेले असते ते सर्व त्या वेळी उघडे पडते, आणि मोबाइलवर काढलेली त्या वेळची चार छायाचित्रे कोणत्याही नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

दिवस निवडताना हिवाळ्यातली एकादशी चांगली. उधाण अजून आलेले नसते आणि किनाऱ्यावरची पूर्ण भरती सकाळी सव्वाआठच्या सुमारास, म्हणजे वरच्या भागात त्याहून उशिरा असते. उजाडताच, पाणी चढते असताना निघावे आणि प्रवाहाबरोबर वरच्या दिशेला जावे. चढत्या पाण्यात टेकले तरी पाणीच सोडवते, आणि वर गेलेल्याचे इंजिन बंद पडले तर ओहोटी त्याला निघाल्या जागी परत आणते. काठी, शेवाळ किंवा फेस पाण्यावर एका जागी थांबलेला दिसला की भरती संपत आली. तिथून वळावे, आणखी एका वळणापलीकडे पाहण्याची इच्छा कितीही झाली तरी. ओहोटीच्या पहिल्या तासाभरात, वारा सुटण्याआधी, होडी काठाला लागली पाहिजे. कुठे चाललो आहोत आणि किती वाजेपर्यंत परतणार हे काठावरच्या एका माणसाला सांगून निघालेले असावे, आणि परतल्यावर त्याला आठवणीने कळवावे, नाहीतर तो शोध घ्यायला लोकांना पाण्यात उतरवेल.